बेरिंग धुतलेलं पेट्रोल

शाळा मी आठवीत सोडली. कणकवलीकडून ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तो जालन्यात उतरलो आणि मस्तगड भागातल्या एका गॅरेजात राहिलो. तिथं स्कूटर दुरुस्तीला आणणाऱ्या मॅडमनी मला त्यांच्या शेडवर घेतलं. दाखला मागितला नाही, माझं काम बघितलं होतं तेवढ्यावर घेतलं. त्यामुळं आपल्या हातून त्यांचं काही बिघडू नये, ही धास्ती मला सकाळी उठल्यापासून असायची.

शेड एमआयडीसीत, लोखंडाच्या एका भट्टीला लागून. भट्टीच्या धुरातला कार्बन घ्यायचा, टँकरच्या पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढायचा आणि दोन्हींचं पेट्रोल करायचं, असं मॅडमचं चाललं होतं. मला त्यातले नट-बोल्ट तेवढे कळायचे. जागा आणि वीज भट्टीच्या मालकांची. ते एके दिवशी येऊन, पुढं चालू ठेवायचं की बंद, सांगणार होते.

म्हणून आदल्या दिवशी मी साफसफाई काढली. मशीनच्या पंपाचं बेरिंग आवाज करत होतं. ते खोललं, कपाटातल्या बाटलीचा वास घेतला आणि सगळी वाटीत ओतली. गॅरेजात बेरिंग पेट्रोलनंच धुतात.

वाटूरचे मिस्त्री आमच्याकडं फिटर होते. ते चहा घेऊन आले.

"काय धुवून राह्यला रे कोकण्या?"

"बेरिंग."

"कशानं?"

मी बाटली दाखवली. त्यांनी चहा खाली ठेवला.

"आरं, ते पंपावरचं न्हाई. आपल्या मशीनचं हाय. दोन महिन्यांत तेवढंच निघाल्तं. मंग उद्या मालकाला काय बेरिंग हुंगवतो का?"

वाटीत काळं ग्रीस तरंगत होतं. मॅडम आल्यावर मीच सांगितलं, वर म्हणालो, "मला काढून टाका."

मॅडम वाटीकडं बघत राहिल्या. "बेरिंग साफ झालं?"

"झालं."

"म्हणजे पेट्रोल बरोबर झालंय."

मिस्त्री हसले. मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पेट्रोल बघायला मागितलं. "आमच्याच पंपाच्या कामात वापरलं," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"लिटरला काय पडतं?"

"पंपावर मोटरसायकलची टाकी फुल होते ना, तेवढ्या पैशात माझं एक लिटरही होत नाही. सगळा खर्च विजेचा. हीच वीज बॅटरीच्या गाडीत भरली तर ती कितीतरी लांब जाईल."

"मंग हे कशापायी?"

"जिथं बॅटरी पुरत नाही तिथं. लांबच्या विमानाला. तेही वीज अगदी स्वस्त झाली तर."

"तशी झाली की या," मालक म्हणाले. शेड महिनाअखेर रिकामी करायची ठरली.

ते गेल्यावर मी विचारलं, "बाटली भरलेली असती तर?"

"हुंगली असती. उत्तर हेच आलं असतं. मला महिनाभर आधीच दिसत होतं."

दोष माझा नाही, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण माझ्यामुळं बुडालं असतं तर पुन्हा दोन महिने खपून भरून काढता आलं असतं. विजेच्या खर्चाला मी काय करणार?

दुपारी मशीन खोलायला घेतलं. मॅडम पाने हातात देत होत्या.

"हळू खोल. परत जोडायचंय."

"कुठं?"

"ते बघते मी. तू येशील ना?"

बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा, ते मला क्षणभर सुचलं नाही.