मायाप्पांच्या पाच चांदण्या

सकाळचे सात वाजून अकरा मिनिटं. जुळे सोलापुरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत देवयानी तोवर नऊ जणांची माफी मागून मोकळी झाली होती.

‘लख्ख’ हे फोनमधला कचरा साफ करणारं अ‍ॅप आहे. कंपनी पुण्यातली. वापरणारे अ‍ॅपखाली जे अभिप्राय लिहितात, त्यातल्या मराठी आणि कन्नड अभिप्रायांना देवयानी घरी बसून उत्तरं देते. पावणेदोन वर्षं झाली. कंपनीतल्या कुणालाही तिने समोरासमोर पाहिलेलं नाही. आई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. नळाचं पाणी आलं की शेजारच्या चंद्रव्वा दार वाजवून सांगतात, त्या दिवशी घरात कुणाचा तरी आवाज होतो. पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं.

लोकांच्या तक्रारी तिला पाठ आहेत. अ‍ॅप उघडलं की लाल गोल फिरतो आणि फोन एक्याण्णव टक्के भरलाय असं सांगतो. मग तीस सेकंदांची जाहिरात लागते. ती बंद करायची फुली उशिरा उमटते आणि तांदळाएवढी असते. पुढे ‘एकसारखे फोटो’ दिसतात, त्यांवर आधीच टिक केलेली असते. खाली मोठं हिरवं बटण, ‘सगळं पुसा’. ‘निवडून पुसा’ करड्या अक्षरांत, बारीक. पुसलेले फोटो परत हवे असतील तर एकशे एकोणपन्नास रुपये. खरं म्हणजे ते फोटो फोनच्याच कचरापेटीत तीस दिवस पडून असतात आणि तिथून फुकट परत घेता येतात. हे उत्तरात लिहायचं नाही, अशी तिच्या वरिष्ठाची, आशिषची, सक्त ताकीद होती.

एक-दोन स्टारवाल्यांची तक्रार लगेच तिच्यासमोर येते. पाच स्टारवाल्यांचे आभार यंत्रच मानतं. ते कुणी वाचत नाही. देवयानी चहा पिताना ते वाचायची. कुणी खूश आहे, एवढंच बघायला.

त्या दिवशी त्यात हे सापडलं. पाच स्टार. ‘माझी सगळी मेंढरं गेली. दोनशे चौदा फोटू. वाटणी हाय. फोन करा.’ खाली नाव मायाप्पा, आणि चक्क मोबाइल नंबर. त्याखाली यंत्राचं उत्तर : ‘मनःपूर्वक धन्यवाद, मायाप्पा! तुमचा आनंद हीच आमची कमाई.’

तारीख अठ्ठावीस दिवसांपूर्वीची. फोटो त्याच्या आदल्या दिवशी गेले असले तर आजचा दिवस धरून दोनच उरले होते. टाइप केलेलं उत्तर मंजूर होऊन दिसायला कधी कधी दोन दिवस लागतात. तिने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला.

“मायाप्पा बोलताय का?”

“व्हय. कोन?”

“मी सोलापूरहून, लख्खमधून बोलतेय. फोन साफ करायचं अ‍ॅप.”

“आता काय ऱ्हायलंय साफ करायचं? मेंढरं न्हेली की सगळी.”

मागे मेंढ्यांचा कालवा चालला होता. करमाळ्याच्या पुढे कुणाच्या तरी रानात कळप बसवलाय, असं त्यांनी सांगितलं. कळप त्यांचा आणि चुलतभाऊ श्रीमंत यांचा, एकत्र. पिलू जन्मलं की आईसोबत त्याचा फोटो काढायचा, कारण पिलांचे कान अजून कातरलेले नाहीत आणि खूण नाही. चार दिवसांनी वाटणी. फोटो नसले तर श्रीमंत म्हणतील ते पिलू त्यांचं. अ‍ॅपला मात्र दोनशे चौदा मेंढ्या म्हणजे एकाच मेंढीचे फोटो वाटले होते.

“पण तक्रार होती तर पाच स्टार कशाला दिलेत?”

“मग? कमी चांदण्या दिल्यावर सायेब बघंल व्हय? पाच दिल्या, म्हंजी आधी आमाला बघावं.”

“उलट आहे हो. कमी दिल्या की लवकर बघतात.”

“ह्ये कुठलं शानपन म्हनायचं!”

तिने कचरापेटी कुठे असते ते सांगितलं. फोन कानाला लावून ते जमेना. त्यांनी सुनेला हाक मारली, “पूनम, हिकडं ये गं, सोलापूरची बाई काय सांगत्या बघ.” पूनमने स्पीकर लावला. दोन मिनिटं नुसत्या मेंढ्याच ऐकू आल्या.

“ताई, हितं लई हायत.”

“सगळे निवडा. आता ‘परत आणा’ दाबा.”

“आली! मामा, आपली काळी बी आली!”

मायाप्पांनी फोन परत घेतला. “बाई, घरी कोन कोन असतं तुमच्या?”

“मी एकटीच.”

“मग वाटनीला या की. मटन हाय.”

“बघते,” देवयानी म्हणाली. रस्ता तिने विचारला नाही आणि त्यांनीही सांगितला नाही. बोलणं अकरा मिनिटं चाललं होतं. त्या महिन्यातला तिचा तो सर्वांत मोठा कॉल.

दुपारी दीडला आशिषचा फोन आला. मायाप्पांनी अभिप्राय बदलला होता. एक स्टार. ‘सोलापूरच्या बाईनं सोता फोन करून फोटू फुकाट काडून दिले. पैसं देऊ नका. बाई लई चांगली हाय.’

“मॅडम, हा माणूस तुमचं कौतुक करतोय की आमची वाट लावतोय?”

“कौतुकच. लवकर बघितलं जावं म्हणून एक दिलाय.”

“वापरणाऱ्याला पर्सनल नंबरवरून फोन करायचा नसतो, माहितेय ना?”

“माहितेय.”

“मग?”

“दोनच दिवस उरले होते.”

आशिष म्हणाला, वरून विचारणा झालीय, काहीतरी कारवाई केल्याचं दाखवावं लागेल. तासाभरात मेल आला. तिने तो दोनदा वाचला आणि ‘मान्य’ असं उत्तर पाठवलं.

उद्यापासून पाच स्टारचे अभिप्राय तिला उघडता येणार नाहीत. तिचं प्रत्येक उत्तर आधी आशिषकडे जाईल. उद्याची पहिली तुकडी तीस उत्तरांची आहे आणि ती साडेनऊच्या आत पाठवायची आहे.