पळसाच्या पानातलं पार्सल

पार्सल घेऊन येणारा तो हरसूलकडचा. बेल वाजवत नाही, दारावर दोन टिचक्या मारतो. माझी नोकरी घरूनच, कानात सतत मीटिंग. म्हणून बिचारा कुजबुजतच बोलतो. चपलांशेजारी साठलेले खोके बघून म्हणतो, "ताई, मागचं अजून बांधलेलंच हाय?" त्यात काय मागवलं होतं, मलाही आठवत नसतं.

मे महिन्यात दोन दिवस तो गावी गेला. आल्यावर खोक्यासोबत पळसाच्या पानांची पुडी दिली. "करवंदं हायेत. हे मात्र लगेच उघडा, उद्या राहायची नाय."

मी कानातलं काढलं, दारातच पुडी सोडली आणि लहानपणी 'कोंबडा की कोंबडी' खेळायचो तसं एक करवंद अर्धं चावून आतला रंग बघितला. लाल.

"कोंबडा!" एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.