माती सजवून पाठवणारे भावोजी

मंडळी, आज लाटंबार्सेत ताईकडे होतो. तिथे खालच्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, दोन वर्षं भात पिवळं पडतंय. यंदा कारण कळलं नाही, तर कुणगा पडीक टाकायचं भावोजींनी ठरवलंय.

माती तपासण्यासाठी कृषी खात्याने सांगितलेलं, कुणगाभर नागमोडी फिरून दहा ठिकाणची माती घ्या, मिसळा, त्यातली अर्धा किलो पाठवा. भावोजींनी पिशवी भरली ती परसातल्या माडाखालून. काळीभोर, वर चाळलेली!

"सरकारात वायट माती कशी पाठवू रे?" ते म्हणाले.

ताई आतून म्हणाली, "लग्न ठरवताना फोटोसुद्धा ह्यांनी कॉलेजातलाच पाठवलेला."

भावोजी कुदळ घेऊन कुणग्यात उतरले. दहावा खड्डा झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "अहवालावर नाव माझंच येणार काय?"

येणारच, म्हटलं. तुमच्या गावात पिकत नाही त्याच शेताची माती कोणी तपासायला देतं का हो?