तुरटीचं पाणी

चौथीतून शाळा सुटली तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की बाईमाणसाचं अंग स्वच्छ असावं. बाकीचं सगळं नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. कऱ्हाडकडून इतक्या लांब आलेली मी, जवळ ना नात्यातलं कोणी, ना इथली बोली कळत होती. त्यांनी मला मागची खोली दिली, काम दिलं, काचेच्या पट्टीवर नंबर कोरायला शिकवलं. त्यांचं मीठ खाल्लंय, म्हणून हे लिहिताना हात आखडतो.

एकोणीसशे साठ उलटून गेलं होतं. बाईच्या आतल्या दुखण्याचं निदान तेव्हा आधी नजरेनं व्हायचं. चामखिळी असल्या तर फुलकोबीसारख्या दिसायच्या. गर्मीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रोगातही तसलेच चपटे फोड येतात, म्हणून रक्त तपासायला धुळ्याला जायचं. मग बाई गर्भाशयाच्या तोंडाला आयोडीन लावत. निरोगी जागा खजुरासारखी काळपट व्हायची, बिघडलेली फिकट राहायची. तसं दिसलं की लाकडी पट्टीनं तिथून हलकेच खरवडायचं, काचेवर पसरायचं, काच ओली आहे तोवर स्पिरिटात बुडवायची आणि मुंबईला धाडायची. कॅन्सर की नुसत्या चामखिळी, ते तिथला सूक्ष्मदर्शक सांगणार.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी बजावलं होतं, "तपासणीआधी आत पाणी घालायचं नाही. कोणी कितीही म्हटलं तरी नाही."

का, ते मी विचारलं नाही. आणि पडद्यामागे बायका माझा पदर धरून बसत. अंगावरून जातंय, वास येतोय, तशीच कशी जाऊ बाईंसमोर? मला त्यांची लाज कळायची. मी स्टोव्हवर पाणी कोमट करायची, त्यात तुरटी फिरवायची आणि एनिमाच्या डब्यानं त्यांना आतून धुऊन काढायची. मनात म्हणायची, बाई शिकलेल्या, मोठ्या घरच्या. या लाजेतलं त्यांना काय कळणार?

एकदा तापीकाठच्या गावची एक सून सासूबरोबर आली. घरी सांगितलं होतं, मिरची घ्यायला जातो. सासू दारातच म्हणाली, "हाई गर्मी शे का काय शे, येवढंच सांगा बाई. मन्ही सून तशी नही शे."

"सून नसेलच तशी. मुलगा कसा आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासू पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "तो ट्रक चालवस," एवढंच म्हणाली.

पडद्यामागे सुनेनं माझा हात घट्ट धरला. "माय व, आंगना वास ई ऱ्हायना. अशी कशी जाऊ?" मी पाणी ठेवलं. धुणं झाल्यावर तिला जरा धीर आला, लग्नातली हळद आठवून हसत म्हणाली, "हयदना दिनबी माले इतलं कोनी धुयं नव्हतं!" मीही हसले.

चामखिळी बाहेर दिसतच होत्या. आत आयोडीन लावल्यावर करंगळीच्या नखाएवढी जागा फिकट राहिली. बाई गंभीर झाल्या. खरवडताना पुटपुटल्या, "काहीच कसं येत नाही पट्टीवर?" मी काच पुढे धरून उभी होते.

महिन्याभरानं मुंबईची चिठ्ठी आली. काचेवर पेशी नाहीत, निदान होत नाही, पुन्हा पाठवा. रक्तात गर्मी नव्हती, पण त्या फिकट जागेचं काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई स्वतःलाच बोल लावत होत्या, "माझाच हात हलका पडला असणार." दोन दिवस मी ते ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तुरटीच्या पाण्याचं सांगून टाकलं. वाटलं, आता गाठोडं बांधायचं.

त्या ओरडल्या नाहीत. "अगं, जे बघायचं तेच तू धुऊन टाकलंस," म्हणाल्या. मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "याआधी कोणाला धुतलं होतंस?"

"नाही बाई. ही पहिलीच."

इतकं पटकन तोंडातून गेलं, की मलाच खरं वाटलं.

"मग जा, तिला घेऊन ये."

एसटीनं गेले. सासू ओट्यावर कापूस निवडत होती. मला बघून आधी दचकली, मग हळूच म्हणाली, "आखो मिरचीच सांगू का घरमा? इतली मिरची कोन खाई, बाई?" काच वाटेत फुटली, असं मी तिला सांगितलं. तिथंही खरं बोलले नाही.

सून पुन्हा टेबलावर झोपली, या वेळी न धुता, तोंडावर पदर घेऊन. मी तिचा हात सोडला नाही. पुढचे आठवडे टपालवाला दिसला की मी हातातलं काम टाकून दारात जायची. शेवटी चिठ्ठी आली. कॅन्सर नाही. चामखिळी आणि सूज. बाईंनी औषध लावून चामखिळी घालवल्या आणि नवऱ्यालाही तपासायला आणा, असं सासूला बजावलं. मी गावापर्यंत बोलवायला गेले, म्हणून सासूनं केळ्यांचा अख्खा घड माझ्या हातात दिला. "तू गावलगून उनी, म्हनीसन मन्ही सून वाचनी!"

डॉक्टरीणबाई कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाहेर गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. धुतलेल्या बायका मला आठवत होत्या; त्यांचे नंबर मीच तर कोरले होते. बिघडलेल्या पेशी धुऊन गेल्या आणि काचेवर थोड्याफार चांगल्याच राहिल्या असतील, तर मुंबईहून 'दोष आढळला नाही' असंच लिहून यायचं. तसं बऱ्याच जणींच्या नावापुढे होतं. त्यात मोलगीकडची एक होती. डोंगर उतरून पायी आलेली. तिचीही जागा फिकट राहिली होती, यापेक्षा मोठी. चिठ्ठी बघून बाईंनी तिला सांगितलं होतं, "काही नाही, आनंदानं घरी जा." तिला आमचं मराठी नीट कळत नव्हतं, पण तेवढं कळलं.

गावाचं नाव तिथं लिहिलेलं होतं. मी खरं सांगितलं असतं, तर बाईंनी मला त्याच दिवशी तिला आणायला धाडलं असतं. नोकरी गेली नसती, हे आता मला माहीत होतं. पण कालची ती नजर गेली असती. मी रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं.

पुढं कितीतरी वर्षं मी तिथं होते. मोलगीची ती बाई पुन्हा आली नाही. बरी होती, म्हणून आली नसेल. तसंही असेल.