दोघी जावांचा ताप

सत्तर सालाच्या आसपासचा तो हिवाळा. आम्ही दोघी जावा एकाच वेळी गरोदर होतो. थोरलीला आठवा, मला सातवा. घरात हातमाग होते. त्यांची खटखट ऐकत आम्ही दुपारभर अंगणातल्या उन्हात संत्री खात बसायचो.

मग मोहल्ल्यात फ्लू आला. घराघरांतून खोकला ऐकू येऊ लागला आणि एकेक करून माग थांबले. आधी थोरली पडली, पाठोपाठ मी. एकाच खोलीत आमच्या दोन खाटा. त्या दिवसांतलं सलग काही आठवत नाही. छत कधी खूप उंच जायचं, कधी कपाळाला टेकायचं. पोटातलं बाळ पोहत पोहत दूर चाललंय आणि मी काठावरून हाका मारतेय, असं वाटत राहायचं. मध्येच थोरलीचा तापलेला हात माझ्या हातावर यायचा.

"हालते ना वं तुझं?"

"हालते."

एका सकाळी पाहिलं तर तिची खाट रिकामी. कळा सुरू झाल्या म्हणून तिला सायकलरिक्षातून दवाखान्यात नेलं होतं. मुलगा झाला. तो रडलाच नाही.

ती परतली ती दूध आटावं म्हणून छातीला घट्ट फडकं बांधून. शेजारणी सासूबाईंना म्हणाल्या, "थंडीत एवढे संत्रे खाल्ल्यावर अजून काय होईन?" थोरलीनं मान खाली घातली. तिलाही तेच खरं वाटत होतं.

आठवडाही उलटला नसेल, माझ्याही कळा सुरू झाल्या. दवाखान्यात सोबत तीच आली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे तापामुळे. पोटुशीला फ्लू जड जातो. दिवस भरायच्या आधीच कळा येतात. कधी मूल वाचतं, कधी नाही."

"मंग संत्र्यानं नाही होत?" थोरलीनं हळूच विचारलं.

"छे हो! तुमच्या हातून काहीच चुकलेलं नाही."

थोरली भिंतीकडे तोंड करून रडली. मूल गेल्यापासून पहिल्यांदाच.

मुलीला कापसात गुंडाळून ठेवलं होतं. तापानं मी पार सुकले होते, दूध उतरेना. आणि तिला ओढायचीही ताकद नव्हती.

"दे वं माझ्यापाशी," थोरली म्हणाली. तिनं फडकं सोडलं, वाटीत दूध पिळलं आणि कापसाच्या बोळ्यानं एकेक थेंब मुलीच्या ओठांवर सोडू लागली. खिडकीतलं कोवळं ऊन दोघींवर पडलं होतं. हे खरं की तापातलंच काही, ते मला कळत नव्हतं. मग ते एवढेसे ओठ हलले, आणि मी झोपले.

मुलगी जगली. बोलायला लागली तेव्हा तिनं 'माय' म्हटलं ते थोरलीला. सासूबाई तिची चूक सुधारायला गेल्या. "राहू द्या न," मी म्हणाले. थोरलीनं तिला कडेवर उचललं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते बी मायच हाये तुझी."