धोप्याला चिंच कशासाठी

धोप्याच्या पानाला खाज असते. हे वाक्य मी गॅस बंद करून, स्वयंपाकघराचं दार लोटून लिहिलं आहे आणि तो शब्द या लेखात पुन्हा येणार नाही. इतकी वर्षं पाळलेली गोष्ट आता लेखासाठी मोडायची म्हणजे काय!

पुण्या-मुंबईकडे ज्याला अळू म्हणतात, त्याला आमच्या भंडाऱ्याकडे धोपा म्हणतात. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतो, हत्तीच्या कानाएवढी पानं होतात आणि पावसाळ्यात घरोघर त्याची भाजी, नाहीतर वड्या. माझ्या सासरी नियम असा होता, की पान चिरायला घेतल्यापासून जेवून ताटं उचलेपर्यंत त्या शब्दाचा उच्चार करायचा नाही. कोणी केलाच, तर धोपा ऐकतो आणि मग घशाला लागतो. सासूबाईंचा यावर पूर्ण विश्वास होता. आणि सासूबाईंचा ज्यावर विश्वास, त्यावर अख्ख्या गावाचा.

मी वाढले चिखल्याला, खाणीच्या वसाहतीत. ताप आला की रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात जायचं आणि लाल औषध भरून आणायचं. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी डकवलेली असायची, जेवढे दात तेवढे डोस. आजारपणाचा आणि चुलीचा संबंध आमच्याकडे साबुदाण्याच्या खिरीपुरता. सत्तरचं दशक संपता संपता लग्न होऊन पवनीजवळच्या गावात आले, तर इथे दवाखाना चुलीवरच मांडलेला! सकाळी अंगणात माणसं येऊन उभी राहायची. सासूबाईंना सगळं गाव आत्या म्हणायचं, मी आत्याबाई.

"आत्या, पोट साफ होऊन नाही राहिलं."

"तरोट्याची भाजी खाऊन पाय दोन दिवस. कवळी पानं घेजो, जून नको. अन् लसूण टाकाले हात आखडू नको."

कुणाच्या अंगावर उन्हाळ्यात घामोळं आलं तर चिवळीची भाजी. बाळंतीण अशक्त झाली तर मुंगण्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला, तोही लोखंडी कढईतच. तापातून उठलेल्याला जुन्या तांदळाची पेज. ही पेज मातीच्या गाडग्यात, धानाच्या कोंड्याच्या मंद धगीवर तासन् तास ठेवलेली असायची. मी एकदा फुंकणीने जाळ वाढवायला गेले, तर माझ्या हातावर चापट बसली. "घाई नको करू वो बाई. थे निजली पायजे."

पेज निजली पाहिजे! मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. पण ती पेज प्यायले आणि हसू पळालं. तोंडाची चव गेलेल्या माणसालासुद्धा वाटी पुढे करायला लावील, अशी ती होती.

मला ते सगळं शिकायचं होतं. मला ती चूल हवी होती. हे मी स्पष्टच सांगते. नवरा, दागिने, नवं लुगडं यांच्या मागे नव्या नवरीचं मन धावत असेल, माझं त्या धुरकट चुलीमागे धावत होतं. पण सहा महिने झाले तरी माझ्याकडे एकच खातं, तांदूळ निवडायचं. खडे इकडे, तांदूळ तिकडे. कधी धीर करून विचारलं, "आत्याबाई, तुम्ही हळद शेवटी का घालता?" तर उत्तर ठरलेलं.

"पाय. डोये कायले देल्ले हायेत?"

सांगायचं काही नाही, बघायचं फक्त. आणि धोपा असेल त्या दिवशी तर चुलीजवळ इतकी शांतता, की उंदीरसुद्धा पाय न वाजवता जायचे.

भादव्यात मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खोकला झाला. धानाच्या बांधीत दिवस दिवस पाण्यात उभे राहिले, त्याचा परिणाम. आत्याबाईंनी उपचार सुरू केले. सकाळी अडुळशाचा रस मधातून, छातीला भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी, निजताना हळदीचं दूध. आणि आंबट बंद. ताक बंद, लिंबू बंद, चिंच तर नजरेलासुद्धा बंद. आता हे मामाजी म्हणजे आंबटाचे एवढे शौकीन, की खिरीवरही लिंबू पिळायला कमी करायचे नाहीत. आमच्याकडे वर्षाची चिंच मीठ लावून, गोळे करून, मातीच्या माठात भरून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेली असायची. त्या माठाकडे मामाजी असे बघायचे, जसा पोळ्याच्या दिवशी बैल पुरणपोळीकडे बघतो.

आठ दिवस असे गेले आणि नवव्या दिवशी पवनीहून निरोप आला, की आत्याबाईंच्या बहिणीचं बरं नाही. सकाळच्या गाडीने जायचं, दुपारी परत. निघताना त्यांनी मला चुलीसमोर उभं केलं.

"आजची चूल तुझी. गुरुजी जेवाले येतीन, त्यायले मीच सांगतलं हाये. मामाजीले आंबट देऊ नको, ध्यानात ठेव. वापस आली का पायते तुह्यं काम. जमलं तर जमलं."

"नाही जमलं तर?"

"तांदूळ कुठी पळून नाही चालले."

म्हणजे परीक्षाच! मी मनात पदर खोचला, नंतर खरोखरचाही खोचला. करायचं तर त्यांच्या हातचं गाजलेलं असं काहीतरी करायचं. न्हाणीमागे गेले तर धोपा कसा तरारून आलेला. ठरलं. पानं आणली, शिरा काढल्या, चिरली. ओठ घट्ट मिटलेले. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, हिरवी मिरची, सगळं आत्याबाईंसारखं. मग आठवलं, की त्या चिंचेचा कोळ घालतात. पाट घेऊन त्यावर चढले, वरच्या फळीवरच्या माठाला हात लावला आणि थबकले.

मामाजींना आंबट बंद!

काय माझी हुशारी! काय माझी समयसूचकता! दुसरी एखादी असती तर विसरली असती आणि म्हाताऱ्याचा खोकला वाढवून बसली असती. मी पाटावरून खाली उतरले ती स्वतःवर इतकी खूश होऊन, की भाजीत चिंचेऐवजी गुळाचा खडा जरा जास्तच टाकला.

दुपारी तीन पाट मांडले. मामाजी, माझे हे, आणि गावातल्या शाळेचे गुरुजी. आमच्याकडे तेव्हा बायका मागून जेवायच्या, म्हणून मी वाढायला उभी. गरम भात, त्यावर हिरवीगार भाजी. तिघांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. आणि बोलणं थांबलं.

मी समजले, चव लागली.

मामाजी छताकडे बघू लागले. ह्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, तो खाली ठेवेचनात. गुरुजींच्या डोळ्यांत चक्क पाणी उभं राहिलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सहा महिने तांदूळ निवडणाऱ्या हाताची ही करामत! मी पळी घेऊन पुढे झाले.

"गुरुजी, आणखी घ्या ना."

"नको... म्हणजे... उत्तम झाली आहे." गुरुजींनी घसा खाकरला. मग पुन्हा खाकरला. "फारच... परिणामकारक."

"मग घ्याच!" मी पळी उपडी केली. पानात टाकलेलं सोडायचं नाही, असं वर्गात मुलांना शिकवणारा तो सज्जन माणूस. त्याने सगळं संपवलं. मामाजींनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी मामाजींकडे पाहिलं.

"बापा, तुमाले काही..." ह्यांनी सुरुवात केली.

"चूप!" मामाजी ओरडले. "ताटं उचलली का अजून?"

मला वाटलं, बापलेकांचं शेतीचं काहीतरी चाललंय.

शेवटी मी माझं ताट वाढून घेतलं आणि मोठ्या झोकात घास घेतला. पहिले दोन क्षण गूळ लागला. आणि मग जीभ, टाळू, घसा, सगळीकडे जणू वाळल्या गवताची कुसळं रुतली. घासागणिक एकेक कुसळ आतल्या आत सरकतंय. मी मान वर केली. तिघेही माझ्याकडेच बघत होते. आता कळलं ना, असे सहा डोळे. पण शब्द? शब्द कुणीच काढेना! घरात चार माणसांच्या घशात आग आणि चौघंही मुकी, कारण ताटं अजून खाली होती आणि धोपा ऐकत होता.

मी उठले, पाटावर चढले आणि वरच्या फळीवरचा माठच खाली उतरवला. पुढचं दृश्य काय सांगू! गुरुजींनी चष्मा काढून ठेवला आणि अख्खा गोळा गालात धरला. ह्यांनी दोन बोटांनी तोडून घेतला, मीही एक तोंडात कोंबला. आणि मामाजी, आठ दिवसांचे उपाशी, त्यांनी एक गोळा उजव्या गालात ठेवला, एक डाव्या गालात, आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते समाधान मी पुढे त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नाही.

आणि तेवढ्यात आत्याबाई दारात उभ्या. हातात पिशवी. बहिणीला नुसतं पडसं होतं, म्हणून लवकरची गाडी मिळाली होती.

त्यांना काय दिसलं असेल? चार माणसं, चौघांचे गाल फुगलेले, मध्ये माठ उघडा, आणि ज्याला चिंच नजरेलाही बंद तो नवरा दोन्ही बाजूंनी चिंच चोखतोय.

"हे का चालून राहिलं?"

कोणी बोलेना. ताटं खाली होती.

"गुरुजी, तुमी तर शिकलेले मानूस. तुमी तरी सांगा."

गुरुजींनी अतिशय आदराने हात जोडले आणि चिंचोका गिळला.

आत्याबाई चुलीजवळ गेल्या. झाकण काढलं, वास घेतला, बोटावर भाजी घेऊन चाटली. माझे सहा महिने, माझी चूल, सगळं त्या बोटावर होतं. त्यांचा चेहरा हलला नाही. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला.

"दे मलेबी."

मी चिंचेचा गोळा हातावर ठेवला. आता गाल फुगलेली पाच माणसं झाली. पहिले हे हसले. मग गुरुजींच्या नाकातून आवाज आला. मामाजी हसायला गेले तो खोकला आला, खोकता खोकता चिंच उडून थेट माठात पडली, आणि मग कुणालाच आवरेना.

हसणं ओसरल्यावर आत्याबाईंनी आधी स्वतःच्या हाताने ताटं उचलली, न्हाणीपाशी नेऊन ठेवली, चुलीतलं लाकूड ओढून विझवलं. मग विचारलं, "चिंच काहून नाही टाकली?"

"तुम्हीच म्हणालात ना, मामाजींना आंबट देऊ नको." माझा आवाज घशातून निघत नव्हता. निम्मं भीतीने, निम्मं धोप्याने.

"अवो बाई! चिंच यायच्या तोंडासाठी नोहे. थे त्या पानासाठी हाये. आंबट पडल्याबिगर पान वठणीवर येत नाही. म्हनून तर आठ दिवस मी धोप्याले हात नाही लावला."

"पण हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

सासूला असं बोलायचं म्हणजे काय, हे मलाही बोलून झाल्यावर कळलं. मामाजींनी तेवढ्यात संधी साधून आणखी एक गोळा उचलला.

"नाही सांगतलं," आत्याबाई सावकाश म्हणाल्या. "मले तरी कोनं सांगतलं होतं? माह्या सासूनं माह्या हातून असाच धोपा एकडाव जेवाले घातला सगळ्यायले. चिंच विसरली होती मी. पंधरा लोकं होते, बाई. पंधरा!"

मामाजींनी डोळे उघडले. "मले ध्यान हाये," ते म्हणाले. "मी होतो त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटायच्या आधी, आत्याबाईंनी मला हाक मारली. घरात नाही, अंगणातही नाही, पार गोठ्याच्या मागे नेलं. इकडे तिकडे पाहिलं, जणू धोपा पाठीमागून येत असेल, आणि माझ्या कानात तो शब्द सांगून टाकला. मग बांध फुटावा तसं बोलत सुटल्या. हळद शेवटी का, मुंगण्याच्या पाल्याला लोखंडी कढई का, पेजेला गाडगं का, तरोटा कोवळाच का, खोकल्याला कोणतं आंबट चालतं आणि कोणतं नाही. काही कारणं पटली, काही आजही पटलेली नाहीत, पण मी ऐकत राहिले. घरात मामाजी चहासाठी हाका मारत होते. त्या दिवशी चहा जेवणाच्या वेळेला झाला.

मामाजींचा खोकला आणखी तीन दिवसांनी गेला. अडुळशाने गेला, ओव्याने गेला की कंटाळून गेला, मला माहीत नाही. मामाजी मात्र गावभर सांगत फिरले, की दोन्ही गालांत चिंच धरल्याने गेला. आत्याबाईंच्या अंगणात पुढचा आठवडाभर जो तो येऊन विचारायचा, "आत्या, चिंच उजव्या गालात धराची का डाव्या?" गुरुजींनी आमच्याकडे जेवणं सोडलं नाही, पण पाटावर बसण्याआधी दारातूनच विचारायचे, "आज कोणती भाजी आहे?" आणि उत्तर ऐकून मगच चपला काढायचे.

आणि चूल? ती मला दिली, असं आत्याबाई कधी म्हणाल्या नाहीत. त्या तशा बोलणाऱ्या नव्हत्याच. पण त्या आठवड्यात एकदा तांदूळ निवडायला बसले, तर सूप त्यांनी स्वतःकडे ओढून घेतलं. मी स्वयंपाकघरात गेले, सवयीने पाट घ्यायला वाकले आणि तशीच राहिले. चिंचेचा माठ वरच्या फळीवर नव्हता. माझ्या हाताला लागेल अशा खालच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, पुसून ठेवलेला होता.