कोळशावरची मोटार

कोळशाचा धूर नाकात गेला की सासऱ्यांची मोटार आठवते. लढाईत पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशाच्या गॅसवर चालावी यासाठी त्यांनी तिच्या मागे भट्टी बसवली. मोटार कसली, चाकं लावलेली चूल. माझी लेक तापाने फणफणली तेव्हा तिला जळगावला डॉक्टरकडे नेताना मोटार आमच्या असोदा गावाबाहेरच बंद पडली. मागून बैलगाडीतून आलेला शेजारी म्हणाला, "नाना, बैल जुपू का मोटारीले?" "लोक हसतीन मले," म्हणत सासरे भट्टीला वारा घालत राहिले. त्यांच्यासमोर मी कधी बोलत नसे; सरळ लेकीला उचललं आणि शेजाऱ्याच्या गाडीत जाऊन बसले. लेक वाचली. आता पेट्रोल मिळतं, मोटार पुन्हा धावते, आणि नातीला मोटारीनेच वाचवलं असं ते पाहुण्यांना सांगतात. मी सासऱ्यांकडे न बघता पाहुण्यांपुढे चहा ठेवते.